हवेची ऊब

मंगळावरच्या बोगद्यात दरड कोसळली आणि केतकीचा पाय पोलादी दाराखाली अडकला. तिच्या पोशाखातला प्राणवायू संपत आला होता. दार उचलणारा दट्ट्या शेजारच्या बंद खोलीतल्या दाबाच्या हवेवर चालायचा, आणि त्या खोलीत तिची आई यमुनाबाई एकटीच होती. तिथला हीटर केव्हाच बंद पडला होता.

"आई, दट्ट्याची झडप उघडू नकोस! बाहेरून उष्णता मिळाली नाही, तर हवा स्वतःचीच ऊब खर्चून दार उचलेल. तू गोठशील," केतकी पोशाखातल्या रेडिओवरून ओरडली.

"ठाऊक आहे गं. मीच शिकवलंय तुला. पाय ओढायला तयार राहा."

दार हळूहळू वर गेलं. केतकीनं पाय सोडवला आणि आईला हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला आवाज आला, "फार गार झालंय गं इथं."

त्यानंतर केतकी नुसतीच हाका मारत राहिली.