समेआधीची दाद

गायिका तानाबाईंना जाऊन तीस वर्षं झाली, आणि आत्ता कुठं त्यांच्या गाजलेल्या रेकॉर्डची, तेव्हा बाद केलेली गाणी बाहेर आली. शाहूपुरीत शार्दूलच्या रेकॉर्डच्या दुकानात चाहते ऐकायला जमले. नृसिंह मुळातच उतावळा. तान समेवर यायच्या आतच त्याच्या तोंडून ‘वा!’ निसटलं. गाणं थांबलं. स्पीकरमधून बाई कडाडल्या, “समेवर दाद द्या की, पावणं! तान मोडली माझी.”

“स्टुडिओत कुणीतरी मधेच ओरडलं असंल,” शार्दूल हसला.

“मग ते ओरडणं ऐकू कुठं आलं?” नृसिंहनं विचारलं.

शार्दूलनं तेच गाणं पुन्हा लावलं. नृसिंहनं तोंडावर हात दाबून धरला. या खेपेला गाणं कुठंच न अडता शेवटपर्यंत गेलं. समेवरही नृसिंहचा हात तोंडावरच होता. मग स्पीकरमधून बाईंचा आवाज आला,

“आता का गप बसलायसा, पावणं?”