टेकडीपलीकडची शिट्टी

शुक्रवारी सकाळपासून व्हर्लिन टिबेट्सने तीन जागा बदलल्या होत्या. तिन्ही ठिकाणी तो वारा तोंडावर घेऊन झुडपाला पाठ लावून बसला, शिकारी जनावराला भुलवणारी, जखमी सशासारखी किंचाळणारी शिट्टी फुंकली आणि वाट पाहिली. लांडग्याच्या जातीतला एकही कायोटी आला नाही.

"दुसरा दिवस," ग्रासियाना म्हणाली. "कालही दोन कोकरं गेली. तुम्ही म्हणाला होतात, दोन दिवसांत चार तरी लोळवतो."

"म्हणालो होतो, पोरी."

ग्रासियाना उहार्तेच्या मेंढ्या तिच्या आजोबांपासून या खोऱ्यात होत्या. ऐन जानेवारीत कायोटी कोकरं उचलायला लागले, तेव्हा तिने व्हर्लिनला बोलावून घेतलं. नेवाडाच्या या भागात त्याच्यासारखी शिट्टी वाजवणारा दुसरा नाही, असं लोक सांगायचे. खरं म्हणजे आणखी एक होता. पण त्याचं नाव व्हर्लिनसमोर कुणी काढत नसे.

व्हर्लिन बर्फातल्या पाऊलखुणा पाहत वाकून चालू लागला. बऱ्याच अंतरावर तो थांबला.

"हे बघ. जोडी होती. आवाज ऐकून इथवर आली, बसली आणि माघारी फिरली."

"आपला वास लागला असेल."

"वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येत होता."

"मग शिट्टी बिघडली असेल तुमची. म्हातारी झाली असेल."

"माझ्यापेक्षा तरुण आहे ती." तो हसला नाही. "यांना शिकवलंय कुणीतरी. रोज ससा ओरडतोय आणि ससा काही मिळत नाही, एवढं कळलं की हे जनावर पुन्हा फसत नाही."

तेवढ्यात टेकडीच्या पलीकडून आवाज आला. घोगरा, चिरका, लांबवलेला. ससाच, पण वयात आलेल्या पोरासारखा घसा फुटलेला.

व्हर्लिनचा चेहरा दगड झाला.

"काल दुपारपासून ऐकतोय मी हा," तो म्हणाला. "गाईच्या शिंगाची शिट्टी आहे. या मुलुखात एकाच माणसाकडे आहे ती."

ग्रासियानाला नाव विचारावं लागलं नाही. ऑरिन स्लेड आणि व्हर्लिन बावीस वर्षं शिकारीवर एका तंबूत झोपले, एका पातेल्यातले बीन्स खाऊन राहिले. मग चार वर्षांपूर्वी एका धुकट सकाळी ऑरिनने झुडपातून धावत आलेल्या जनावरावर गोळी झाडली. ती व्हर्लिनची कुत्री होती. ऑरिन नुसता उभा राहिला. चुकलो, एवढा शब्दसुद्धा त्याच्या तोंडून फुटला नाही. त्या दिवसापासून दोघांत बोलणं नाही.

"मुद्दाम करतोय," व्हर्लिन म्हणाला. "मी इथे आलोय हे कळलंय त्याला. एका जागी वीस मिनिटांच्या वर बसू नये, हे त्यानेच मला शिकवलं. आणि कालपासून बघ, जागा तीच! भर दुपारी वाजवतोय, वाऱ्यात वाजवतोय, मध्ये थांबत नाही. माझी शिकार नासवायची, दुसरं काय!"

"मी जाऊन सांगते त्याला. माझी कोकरं मरतायत म्हणावं."

"पलीकडे चांदीच्या जुन्या खाणी आहेत. वर बर्फ, खाली भोकं. पाय कुठे जाईल सांगता येत नाही. तू जायचं नाहीस."

"मग तुम्ही जा. तुम्हाला वाटा माहीत आहेत."

"चार वर्षं मी पहिला गेलो नाही. आता जाऊ?" त्याने थर्मासमधली कॉफी ओतली. "वाजवू दे. दम संपला की थांबेल."

शनिवारीही आवाज येत राहिला. व्हर्लिनने सगळे उपाय करून पाहिले. पिल्लाचं कण्हणं काढलं, माजावरच्या मादीची हाळी दिली, दूरच्या ओढ्यात जाऊन बसला. काही उपयोग झाला नाही. दुपारनंतर मात्र पलीकडची शिट्टी तुटक होत गेली. दोन फुंकरा, मग बराच वेळ काही नाही.

"थकला," व्हर्लिन म्हणाला. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

रविवारी सगळं शांत होतं. नऊच्या सुमाराला व्हर्लिनने शिट्टी फुंकली आणि पाचव्या मिनिटाला करड्या झुडपांतून एक दांडगा नर सरळ चालत आला. ग्रासियानाची गोळी वर्मी बसली. तासाभरात दुसराही पडला.

"बघितलंस?" व्हर्लिन म्हणाला. "दोष ना वाऱ्याचा, ना शिट्टीचा. तो माणूस गेला आणि जनावरं आली." मग थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "कुत्रीसुद्धा धुक्यात होती. मीही तिला बांधायला हवं होतं."



दोघं परतले तेव्हा फाटकाशी एक जुनी गाडी उभी होती. गाडीला टेकून ऑरिनची बायको लव्हॉन थांबली होती. हातात कापडात गुंडाळलेलं पातेलं होतं. व्हर्लिनला पाहून ती हसली. चार वर्षांनंतर तो तिला पहिल्यांदाच दिसत होता.

"बरा आहेस ना रे? दोघांसाठी स्टू आणलाय. तीन दिवस बाहेरच आहात, म्हटलं धड काही खाल्लं नसेल."

"दोघं कोण?"

"असं काय करतोस? गुरुवारी सकाळी निघालाय तो. तू इथे आलायस कळल्यावर रात्रभर झोपला नाही. खाणींच्या वाटेने टेकडी ओलांडून पायीच गेला. काल परसातून त्याची शिट्टी ऐकली आणि डोळे भरून आले माझे. म्हटलं, बसले एकदाचे दोघं एकत्र." तिने व्हर्लिनच्या मागे पाहिलं. "कुठाय तो? बंदूकसुद्धा घरीच ठेवून गेला. म्हणाला, माफी मागायला बंदूक घेऊन जात नाहीत."