नोरीनचं धरण

"हे पाणी कालपर्यंत नितळ होतं," अथॉल म्हणाला. धरणाच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी त्याने ओंजळीत धरलं होतं. आज ते चहासारखं गढूळ होतं. "नोरीन, भिंत आतून पोखरली जातेय. माती वाहून येतेय बघ."

"इतकी वर्षं तुझ्या गाई हेच पाणी फुकट पितात, तेव्हा नाही कधी ओंजळीत धरून बघितलंस!" नोरीन म्हणाली. "सासऱ्यांनी बांधलीय ही भिंत. तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त टिकेल."

टास्मानियातल्या त्या उतारावर वरच्या अंगाला नोरीनचं शेत आणि तिच्या मालकीचं ते मातीचं धरण. खाली ओढ्याकाठी अथॉलचा गोठा नि घर. धरण रिकामं कर म्हणून तो हिवाळाभर तिच्या मागे लागला होता. ती दाद देत नव्हती.

का देत नाही, यावर गावाचं आपलं मत होतं. तिचा नवरा लिंडसे एका सकाळी धरणात मासे धरायला गेला. दुपारी होडी उलटी तरंगताना सापडली, लिंडसे नाही. पाणबुडे आले, गाळ चाचपून गेले. काही म्हणत, पठ्ठ्या कुठल्याशा बाईच्या नादाने पळाला. काही आवाज खाली आणून म्हणत, दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, तिनेच त्याचा काटा काढला.

अथॉल या दुसऱ्यांतला. रोज संध्याकाळी ती पाण्याकाठी बसलेली त्याला दिसे. पहाऱ्याला बसल्यासारखी.

"भिंत फुटली तर खाली माझी नात आहे," तो आता म्हणाला. "बाकी मला काही बोलायचं नाही."

नोरीनने खाली पाहिलं. अथॉलच्या अंगणात दोरीवर इवलेसे फ्रॉक वाळत होते.

"काढ पाणी," ती म्हणाली आणि वळून घरी गेली.

अथॉलने पाणी बाहेर काढायला भिंतीवरून जाड पाइप टाकले. मग पोलिसांना फोन केला. शेजाऱ्याने असं करू नये, हे त्याला कळत होतं. तरी केला.

पाणी उतरत गेलं. नोरीन तिकडे फिरकली नाही. तळ उघडा पडला त्या सकाळी मात्र आली. अंगात इस्त्रीचा काळा झगा, केस नीट बांधलेले. पकडली जाणार हे हिला कळलंय, अथॉलच्या मनात आलं.

पोलिसांनी सगळा गाळ उपसून पाहिला. एक फुटकी बादली निघाली, काही बाटल्या निघाल्या.

"कोणी नाही इथे," हवालदार हात धूत म्हणाला.

अथॉलला स्वतःचीच लाज वाटली. तो तिच्याजवळ गेला. "सुटलीस, नोरीन. आता कोणी तुझ्याकडे बोट दाखवणार नाही."

नोरीन त्या चांगल्या झग्यानिशी चिखलात खाली बसली.

"मला वाटत होतं, तो बुडाला," ती म्हणाली. "म्हणजे लिंडसे मला खरंच सोडून गेला."