गॅलरीतली शिट्टी

नीव्हेसचा वरचा सूर फुटला, आणि इटलीतल्या पार्मा गावच्या त्या ऑपेरा थिएटरात कुणी हूं की चूं केलं नाही.

सगळ्यात वरच्या गॅलरीत तिचा बाप आर्तेमियो कठडा धरून बसला होता. ही गॅलरी काही नाक मुठीत धरून बसणाऱ्यांची नव्हे. गाणारी चुकली की इथं तिची सालटी काढतात, आणि शिट्टी म्हणजे तर इथं शिवीच. मिलानहून, रोमहून आलेल्या भल्याभल्या गायिकांना खुद्द आर्तेमियोनं रडवून परत पाठवलं होतं. आणि आज त्याची पोरगी पहिल्यांदा आपल्या गावात गात असताना सगळे गप्प. जो तो चोरून त्याच्याकडे बघत होता.

शेजारच्या वास्कोनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ठरवलंय आम्ही सगळ्यांनी. आज कुणी तोंड उघडायचं नाही. तुझी पोर ती आमची पोर."

"उपकार करताय होय रे माझ्यावर?"

"मग काय, जोडे मारायचे तिला?"

अशी शांतता आर्तेमियोनं एकदाच ऐकली होती, एका थकलेल्या गायिकेच्या वेळी. दया आली म्हणून सगळे गप्प बसले होते, आणि त्यानंतर तिला कुठल्याच थिएटरनं बोलावलं नाही. जिच्याकडून आशा असते तिच्याशी पार्मा कडाकडा भांडतं. जिच्या नावानं आंघोळ केली, तिच्यापुढं गप्प बसतं.

खाली वाद्यं थांबली होती. पुढं जावं की नाही, ते वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरला कळेना. नीव्हेसनं मान खाली घातली. पोरीनं हाय खाल्ली, हे बापाला तेवढ्यावरून कळलं.

त्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारली.

"अरे मेल्या, पोटची पोर आहे ती!" वास्को ओरडला. पण आता कोण कुणाचं ऐकतो! सगळी गॅलरी पेटली. शिट्ट्यांवर शिट्ट्या. "घरी जाऊन शेवया वळ!" कुणीतरी खच्चून ओरडलं.

नीव्हेसची मान झटक्यात वर झाली. गाल लालभडक. तिनं गॅलरीकडं असं काही पाहिलं की कठड्यावर वाकलेले दोघं मागं सरकले. मग कंडक्टरकडं वळून ती मोठ्यानं म्हणाली, "पुन्हा. पहिल्यापासून."

ती गाऊ लागली. आर्तेमियोचा जीव टांगणीला लागला. वरचा सूर जवळ आला, आला, आणि लागला. नुसता लागला नाही, पोरगी तो सोडीचना. रागानं धरून ठेवला तिनं.

गॅलरी उठून उभी राहिली. टोप्या उडाल्या. वास्को आर्तेमियोला गदागदा हलवत होता. "कसाई आहेस लेका! आता तरी वाजव टाळी!"

आर्तेमियो जागचा उठला नाही. बाहीनं डोळे पुसत तो म्हणाला, "दम धर. तिसरा अंक राहिलाय अजून."