यशस्वी म्हणून नोंद

"अडुसष्ट टक्के," टेबलापलीकडची समुपदेशक मुलगी म्हणाली आणि चकचकीत माहितीपत्रक तिने दोघांच्या मध्ये ठेवलं. "आयव्हीएफमध्ये हा फार चांगला आकडा आहे."

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. बघ, मी काय सांगत होतो, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. हा गृहस्थ गाडी शिकवायचा. साधा मिक्सर घ्यायचा तरी पाच दुकानं पालथी घालणारा. दुकानदार त्याला लांबून बघूनच कंटाळायचे. मग या कामात तो मागे राहतो होय? सकाळीच दोघं एका दुसऱ्या दवाखान्यात जाऊन आली होती. तिथल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी चौतीस हा आकडा सांगितला होता, तोही चष्मा पुसता पुसता, त्यात काही विशेष नाही अशा सुरात. बाहेर पडल्या पडल्या हा म्हणाला होता, "चौतीस? अगं, पस्तीसला पास करतात! या बाई एका मार्काने गेल्या." त्यावर तीही हसली होती, पण ते हसू फार टिकलं नाही.

कारण प्रश्न मिक्सरचा नव्हता. तिचं वय एकोणचाळीस. मागच्या वर्षी याच दवाखान्यात तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. आता आणखी एकदाच, असं दोघांनी ठरवलं होतं. त्यापुढे अंगात ताकद नव्हती आणि खोटं कशाला सांगा, मनातही नव्हती. ती एक खेप कुणाच्या हातात द्यायची, तेवढं ठरायचं होतं.

"एक विचारू?" बायको म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. 'आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं?' हे दिवसभर गिऱ्हाइकांना विचारून विचारून तिला न कंटाळता विचारत राहायची सवय झाली होती. "हे अडुसष्ट म्हणजे काय? शंभरातल्या अडुसष्ट जणी बाळ घेऊन घरी गेल्या?"

मुलगी जराशी अडखळली. "नाही, म्हणजे... अडुसष्ट जणींची टेस्ट पॉझिटिव्ह आली."

"आणि पुढे?"

"पुढचं ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर असतं ना, ताई. आम्ही पॉझिटिव्हपर्यंतचं मोजतो."

"सगळ्या वयाच्या बायका धरून?"

"हो, सगळ्या धरून. त्यात तिशीच्या आतल्या जास्त."

"सकाळच्या बाई घरी नेलेली बाळंच मोजतात," बायको नवऱ्याला म्हणाली. "तेही माझ्या वयाच्या बायकांची. मी विचारलं होतं. तू तेव्हा पार्किंगवरून वॉचमनशी हुज्जत घालत होतास."

नवऱ्याने माहितीपत्रक स्वतःपासून जरा लांब सरकवलं.

बायकोने माहितीपत्रक उचलून त्यावरचं वर्ष बघितलं. मागचंच वर्ष होतं. "मग यात मीपण आहे का?"

मुलीला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला आणि तिचा चेहरा उतरला. वाईट नव्हती बिचारी, नोकरीत नवीन होती. 'माहीत नाही' म्हणून वेळ मारून नेता आली असती तिला. पण तिने बायकोच्या फाइलचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला, वाचलं आणि खाली बघत म्हणाली, "आहात. यशस्वी म्हणून नोंद आहे."

नवरा ताडकन उठला. "यशस्वी? अहो, शिकाऊ लायसन्सवाल्यांना मी ड्रायव्हर म्हणून मोजायला लागलो, तर माझ्या क्लासचाही निकाल शंभर टक्के लागेल! हिला मी रिकाम्या हाताने घरी नेलं. मी नेलं! आणि तुम्ही त्यावर मिरवताय? खोडा ते. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर खोडा!" शेवटी शेवटी त्याचा आवाज फाटला.

"नको," बायको म्हणाली. "खोडू नका."

"अगं पण धादांत खोटं आहे ते!"

"आपण सकाळच्या बाईंकडेच जायचं. ते माझं ठरलं. पण हे असू दे." तिने माहितीपत्रक नीट घडीवर मिटून टेबलावर ठेवलं. "घरी सगळे म्हणाले, काही झालंच नव्हतं असं समज. तुझी आई म्हणाली, माझी आई म्हणाली. तूही म्हणालास. मी तसं समजून बघितलं. नाही जमलं रे मला. अख्ख्या जगात या एकाच ठिकाणी लिहिलंय की ते होतं."

नवरा उभाच राहिला. मग खुर्ची ओढून तो तिच्या अगदी लगत बसला.

"मला वाटलं, तसं म्हटलं की तुला सोपं जाईल," तो म्हणाला.

"माहितीये."

मग त्याने मुलीकडे बघितलं. मघाचा चढलेला आवाज आता पार खाली आला होता.

"मॅडम, तारीख कोणती आहे हो तिथे? टेस्टची."

मुलगी स्क्रीनकडे वळली. तिला सापडायच्या आत बायकोने तारीख सांगितली.