पंखावरचा तडा

साहेबांनी विमानाच्या पंखावरून तळहात फिरवला, पण हाताला कुठेच काही लागलं नाही. दाराशी उभ्या पोपटची छाती फुगली. लागेल कसं? हात पेणच्या मूर्तिकाराचा फिरला होता.

विमानदुरुस्ती शिकवणारी ही संस्था पेणहून जिते गावाकडे जाणाऱ्या वाटेवर होती. तिच्या कोर्सला मान्यता द्यायची की नाही, ते ठरवायला आज मुंबईहून विमान खात्याचे साहेब आले होते. मान्यता नाही, तर पोरांना परीक्षेला बसता येणार नाही. रोह्याहून, निडीहून रोज येणाऱ्या पोरांची वर्षं पाण्यात, आणि पोपटची लेक मालू त्यांतलीच. म्हणून तर शिकण्यासाठी आणलेलं ते जुनं, कधीच न उडणारं विमान रंगवायचं काम पोपटने हौसेने अंगावर घेतलं होतं. रंगवताना पंखावर केसाएवढा तडा दिसला. आता तडा दिसला की मूर्तिकाराचे हात शिवशिवणारच. तडा गेलेली मूर्ती काय कुणी घरी नेतं? त्याने तड्यात रंगाऱ्याची लांबी भरली, घासून गुळगुळीत केली, वर रंग दिला. कुणाला विचारावं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

साहेबांनी मालूला पुढे बोलावलं. पंख तपास म्हणाले, आणि हे विमान उडायला ठीक आहे अशी सही करशील का ते सांग.

मालू नेहमीच्या जागी वाकली. टॉर्च तिरका धरून तिने बोट फिरवलं. मग वळून बापाकडे पाहिलं. साहेबांच्या मागून प्राचार्य मान हलवत होते, हो म्हणून टाक.

"नाय सर," मालू म्हणाली. "इथे तडा हाय. वरून लांबी भरलीय."

"कोणी?"

"माझ्या बाबांनी."

प्राचार्यांचा चेहरा उतरला. पोपटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच हाताने आपण पोरीचं वाटोळं केलं. साहेबांनी मात्र आवाज न चढवता विचारलं, एवढं सफाईदार काम, त्यात बापाचं, तरी सही नाही?

"उद्या ह्याच विमानात बाबांना बसवायचं झालं तर? नाय करणार."

साहेबांनी पोपटला लांबी काढायला सांगितली. पोपट पट्टीने खरवडू लागला. आधी सांगायचं नाय का गो, असं तो पुटपुटला. मालू टॉर्च धरून शेजारी उभी राहिली.

"हळू, बाबा. ह्याच तड्यावर शिकलो आम्ही. आमचा धडा हाय तो."

या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा उघडा पडला, तेव्हा कुठे साहेबांनी मान्यतेच्या कागदावर सही केली.