एक जूनचा वाढदिवस

मिसेस प्रॅटनी सही न करताच पेन खाली ठेवलं.

"आधी मला सांगा, डॉक्टर. पेपरात आलंय ते खरं आहे का?"

डॉ. पद्माकर करंदीकर या प्रश्नाची तयारी करूनच आले होते. ब्रिटिश पार्लमेंटच्या निवडणुकीचा अर्ज उद्या चारच्या आत भरायचा होता. नऊ सह्या झाल्या होत्या. सूचकाची पहिली ओळ तेवढी मिसेस प्रॅटसाठी कोरी ठेवली होती. त्यांचा एकुलता एक मुलगा कॉलिन सक्तीच्या लष्करी सेवेत असताना, विसाव्या वर्षी, जर्मनीत ट्रक उलटून गेला होता. माजी सैनिकांच्या क्लबात त्या आल्या की म्हातारे उठून उभे राहत. पक्षाच्या एजंटने डॉक्टरांना स्वच्छच सांगितलं होतं, "बाई नाही म्हणाल्या तर अर्ज भरूच नका. उगाच शोभा होईल."

त्याला कारणही तसंच होतं. आठवड्यापूर्वी एका लोकल पेपराने चौतीस वर्षांपूर्वीचं प्रकरण उकरून काढलं होतं. १९५८ साली इथली पोरं बराकीत गेली, तेव्हा भारतातून इथे शिकायला आलेल्या करंदीकरांनी मेडिकलचा विद्यार्थी म्हणून आपली सेवा लांबणीवर टाकून घेतली. ते डॉक्टर होईपर्यंत सक्तीच बंद झाली. सगळं अगदी कायद्याने. पण मथळा होता 'पळपुटा डॉक्टर'. बावीस वर्षं अर्ध्या हाउन्सलोचे घसे तपासले, ते त्या दोन शब्दांत धुऊन गेलं. परवा दवाखान्याच्या दाराला कोणीतरी पांढरं पीस चिकटवून गेलं. इथे ते भित्र्याला देतात.

"खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "पण गंमत अशी, की मला त्या सवलतीची गरजच नव्हती."

त्यांनी बॅगेतून पिवळी पडलेली गुंडाळी काढली आणि चहाच्या कपांमध्ये उलगडली. त्यांची जन्मपत्रिका. गाडीत लेकीने, उल्काने, हात जोडले होते. "बाबा, प्लीज, तो पत्रिका नका दाखवू. इट लुक्स डॉजी. लोकांना डाउट येईल." डॉक्टरांनी तिला उडवून लावलं होतं. सॉलिसिटर झाली म्हणून काय झालं, जिला पत्रिका 'तो' वाटतो तिला त्यातलं काय कळणार!

"हे बघा. माझा जन्म दिवाळीच्या पाडव्याचा. बारा नोव्हेंबर १९३९. आणि नियम काय होता? एक ऑक्टोबर १९३९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना बोलावणंच नाही."

"मला ती तारीख माहीत आहे," मिसेस प्रॅट म्हणाल्या.

"मग झालं तर! मी त्यांच्या यादीत बसतच नव्हतो. पळेन कशाला?"

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस सुचलं कसं नाही, याचंच त्यांना नवल वाटत होतं. ही बाई बावीस वर्षांपासूनची पेशंट. हिच्याकडे शेकडो वेळा चहा झालेला, तोही समोरच्या त्या फोटोखाली, टोपी तिरकी घातलेल्या कॉलिनच्या. तब्येतीने खणखणीत. फक्त दरवर्षी सप्टेंबर संपता संपता तिचं बीपी चढे, आणि ते हवेला दोष देत गोळी बदलून देत.

मिसेस प्रॅटनी चष्मा लावून पत्रिकेवरची कुंडली बराच वेळ पाहिली.

"तुमच्या पासपोर्टवर काय आहे?"

"एक जून १९३९. ते शाळेतलं." डॉक्टर मोकळं हसले. "आमच्याकडे शाळा जूनमध्ये उघडते. पोराला सहा पूर्ण लागतात. आमच्या अप्पांना वर्ष फुकट घालवायचं नव्हतं, मग मास्तरांनी टाकली एक जून. माझ्या वर्गात अकरा जणांचा वाढदिवस एक जूनला!"

"म्हणजे तारीख बदलली."

"बदलली म्हणजे... लबाडी नव्हती हो त्यात. सगळेच करायचे."

"आणि कोणी काही म्हटलं नाही?"

"कोण म्हणणार? कागदावरची तर तारीख, मिसेस प्रॅट! पाच महिने इकडे काय नि तिकडे काय. कोणाचं काय बिघडतं?"

मिसेस प्रॅटनी पत्रिका हलक्या हाताने गुंडाळली, दोरा होता तसा बांधला आणि डॉक्टरांपुढे ठेवली. अर्जही ठेवला. पहिली ओळ कोरीच होती. डॉक्टरांना काहीतरी चुकल्याचं जाणवलं, पण काय, ते कळेना. त्यांनी उगाच पेनाला टोपण लावलं.

"कॉलिन याच घरात झाला," मिसेस प्रॅट म्हणाल्या. त्या फोटोकडे बघत नव्हत्या. "वरच्या खोलीत. लढाई नुकतीच लागली होती, खिडक्यांना काळे पडदे. तीस सप्टेंबर, रात्री बाराला दहा मिनिटं कमी. सुईण भली बाई होती. म्हणाली, एक ऑक्टोबर लिहू का, लक्षात ठेवायला सोपी जाईल. मी म्हटलं, नको, खरी आहे तीच लिहा."